लंडनचं ते घर बाबासाहेबांच्या मालकीचं नव्हतं
'लंडनचं १०, किंग हेन्रीज रोड हे घर बाबासाहेबांनी विकत घेतलेलं. ब्रिटिश सरकारनं ते आपल्याला भेट दिलं,' असा मजकूर फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. भिंतीला भिंत लागून उभ्या व्हिक्टोरियन काळातल्या घरांपैकी हे एक, विटांचं, साधंच. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे विद्यार्थी म्हणून भाड्यानं राहिले. घरावरची गोल निळी पाटीही तेवढंच सांगते: इथे राहत होते. रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी अभ्यास चालला होता तेव्हाचं हे बिऱ्हाड. त्याचं मोल बांधकामात नाही, त्या दिवसांत आहे. घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं पैसे मोजून घेतलं. तिथे बाबासाहेबांचं संग्रहालय करायला स्थानिक पालिकेनं नकार दिला होता. अपिलात लढून मार्च २०२० मध्ये परवानगी मिळवली. कृपया तो मजकूर पुढे पाठवू नका.