सगळ्या त्रुटी एकदाच सांगा!

आमच्याकडच्या शिकाऊ पोराच्या विद्यावेतनातला सरकारी वाटा मिळावा म्हणून केलेला अर्ज सोमवारी चौथ्यांदा परत आला. कारण काय, तर पोराच्या वडलांचं नाव आधारवर "बाळासो" आहे आणि दहावीच्या मार्कलिस्टवर "बाळासाहेब". अहो, कोल्हापूर जिल्ह्यात निम्म्या घरांत हेच आहे! शाळेत मास्तरांनी एक लिहिलं, आधारवाल्यानं दुसरं. आणि हे अर्ज तपासणाऱ्या ऑफिसला चौथ्या खेपेला दिसलं?

पहिल्या वेळी म्हणाले नावाचा क्रम जुळत नाही, मार्कलिस्टवर आडनाव आधी आहे. मार्कलिस्टवर आडनाव आधीच असतं, बोर्डच तशी छापतं. दिलं प्रतिज्ञापत्र. दुसऱ्या वेळी शिकाऊ उमेदवारीच्या कराराच्या पानावर शिक्का पुसट आलाय. तिसऱ्या वेळी बँकेचं पासबुक अपडेट नाही. कागद तेच, पहिल्या दिवसापासून त्यांच्यासमोर. मग चारही त्रुटी पहिल्याच दिवशी का काढल्या नाहीत? एक त्रुटी काढायची, तीन आठवडे घालवायचे, मग दुसरी. दर खेपेला माझा अर्धा दिवस जातो आणि पोराचा खाडा पडतो.

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतात, आम्ही मशीनिंग करून देतो. माणसं बावीस. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असली तरच शिकाऊ उमेदवार घ्यायची सक्ती आहे, म्हणजे आम्हाला नाही. तरी आम्ही तीन पोरं घेतली, कारण व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, उभा राहणारा माणूस मिळत नाही आणि मिळाला की पुण्याला जातो. आपल्याच गावची पोरं तयार करावीत म्हटलं.

आणि शिकवणं म्हणजे काय हे या टेबलामागच्या लोकांना माहीत आहे का? पोरगं पहिल्यांदा मायक्रोमीटर धरतं ते पाना धरल्यासारखं, करकचून. माप दर वेळी वेगळं येतं. आमचे जुने ऑपरेटर मामा त्याचा हात धरून रॅचेट फिरवायला लावतात, "टकटक ऐकू आली की थांब." असं पन्नास वेळा. मग एक दिवस मशीनमध्ये ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापाचा आकडा, चुकीचा टाकला जातो, इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं टोक, फुटतो, जॉब स्क्रॅप. तो खर्च आमचा, तो आम्ही कुणाकडे मागितलेला नाही.

सरकारची शिकाऊ उमेदवारांसाठीची प्रोत्साहन योजना ऑगस्ट २०१६ पासून आहे. विद्यावेतनातला २५ टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार देतं. योजना चांगली आहे, मी मनापासून म्हणतो. पूर्वी मालकानं सगळे द्यायचे आणि मग सरकारकडून परत मागायचे, आता तो वाटा थेट पोराच्या खात्यात जातो. हेही बरोबर. पण अडकला की पोराला सरकार दिसत नाही, मी दिसतो. आमचा हिस्सा दर महिन्याच्या सात तारखेच्या आत जातो, तरी पोरगं विचारतं, "मालक, माझे पंधराशे कधी येणार?" त्याच्या घरच्यांना वाटतं मीच खाल्ले. हे सहन होत नाही मला. त्या पंधराशेत त्याचा एसटीचा पास आणि डब्याचा खर्च भागतो.

दुसऱ्या पोराचे पैसे तर "जमा" दाखवत होते आणि खात्यात काही नाही. आठवडाभर शोधलं, तेव्हा कळलं की आधार शाळेत शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या जुन्या खात्याला जोडलेलं होतं आणि ते खातं कधीचं बंद. एवढं सांगायला एक माणूस नाही. फोन उचलत नाहीत, तक्रार टाकली तर "निकाली काढली" असा मेसेज येतो. कुणी काढली? काय निकाल लावला?

डिसेंबर २०२५ मध्ये कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्यांचा, अहवाल आला. योजना वेगळी, प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना, पण वाचून अंगाचा तिळपापड झाला. सुमारे ९६ लाख उमेदवारांपैकी ९० लाखांहून जास्त जणांच्या बँक खात्याचा रकाना कोरा, नाहीतर त्यात शून्य किंवा असलंच काहीतरी भरलेलं. तिथं कोरा रकाना चालतो आणि माझ्या पोराच्या बापाचं "बाळासो" चालत नाही!

एजंट येऊन गेला परवा. "साहेब, तुम्ही कशाला हेलपाटे मारता, आम्ही करतो, वीस टक्के द्या." पोराच्या पंधराशेतले तीनशे! हाकलला त्याला.

माझं मागणं एवढंच आहे. अर्ज आला की सगळा वाचा. ज्या काही त्रुटी असतील, पाच असोत नाहीतर पंधरा, त्या एकाच वेळी, एकाच कागदावर लिहून द्या. खाली नाव लिहा, तारीख टाका, सही करा.