आधी प्राध्यापक, मग कोनशिला

सांगली-कोल्हापूरकडच्या माझ्या प्राध्यापक मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप सध्या एकाच वादावर पेटलाय. विद्यापीठांनी संशोधनातून कंपन्या काढाव्यात की नाही? एक गट म्हणतो, विद्यापीठ हे ज्ञानमंदिर आहे, तिथे दुकान मांडू नका. दुसरा म्हणतो, लोकांच्या पैशावर नुसते पेपर किती दिवस छापणार? मग कोणीतरी म्हणतं, ‘केंब्रिजवाल्याला विचारा.’ तो मी. इंग्लंडातल्या केंब्रिजमध्ये एका लहानशा बायोटेक कंपनीत नोकरी करतो, एवढाच माझा अधिकार.

तर पहिलं म्हणजे, केंब्रिजने ठरवून कंपन्या काढल्या ही समजूतच फारशी खरी नाही. शहराच्या उत्तरेला सायन्स पार्क आहे. ती जमीन ट्रिनिटी कॉलेजची, थेट 1546 पासून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने तिथे नॉर्मंडीच्या चढाईसाठी गाड्या सज्ज केल्या आणि नंतर ती जागा कित्येक वर्षं पडीक राहिली. 1970 मध्ये कॉलेजचे खजिनदार जॉन ब्रॅडफील्ड यांच्या पुढाकाराने तिथे तंत्रज्ञान कंपन्यांना जागा द्यायचं ठरलं. पहिली कंपनी, लेझर-स्कॅन, आली 1973 मध्ये. पुढेही रांग वगैरे लागली नाही. कॉलेज चांगल्या घरमालकासारखं वागलं: भाडं घेतलं, भाडेकरूच्या स्वयंपाकघरात डोकावलं नाही.

दुसरं उदाहरण डीएनए वाचणारी यंत्रं बनवणाऱ्या सोलेक्सा कंपनीचं. 1997 च्या सुमारास रसायनशास्त्र विभागातले दोघे, चेन्नईत जन्मलेले शंकर बालसुब्रमण्यन आणि डेव्हिड क्लेनरमन, एका निव्वळ शास्त्रीय प्रश्नामागे होते. डीएनएची प्रत काढणारं एन्झाइम काम करत असताना एकेका रेणूच्या पातळीवर पाहता येईल का? त्यासाठी चमकणारे रंग लावलेले डीएनएचे घटक ते वापरत होते. विभागापासून चालत दोन मिनिटांवर पॅन्टन आर्म्स नावाचा साधासा पब आहे. तिथल्या गप्पांमध्ये हिशेब मांडला गेला: असे तुकडे काचेवर चिकटवून सगळे एकाच वेळी वाचले तर आख्खा जीनोम, म्हणजे सजीवाचा सगळा डीएनए, वाचता येईल. 1998 मध्ये कंपनी निघाली, पहिलं यंत्र बाजारात आलं 2006 मध्ये, आणि 2007 मध्ये अमेरिकेच्या इल्युमिनाने कंपनी सुमारे 60 कोटी डॉलरला विकत घेतली. माणसाचा जीनोम पहिल्यांदा वाचायला सरकारी प्रकल्पाला 13 वर्षं आणि जवळजवळ 3 अब्ज डॉलर लागले होते. आज ते काम हजार डॉलरच्या आत होतं. दोघेही विभागातले प्राध्यापक राहिले ते राहिलेच.

गप्पांपासून यंत्रापर्यंत नऊ वर्षं. तेवढ्यात आपल्याकडे नॅकची, म्हणजे कॉलेजांच्या दर्जातपासणीची, एक फेरी होऊन दुसरीची तयारी सुरू झाली असती. पहिल्या फेरीच्या अहवालात या दोघांच्या नावापुढे काय लिहिलं असतं? ‘प्रगतिपथावर’?

आपल्याकडे मोजणी होते ती पेटंटांची. 2021 मध्ये शैक्षणिक संस्थांना पेटंटच्या शुल्कात 80 टक्के सवलत मिळाली, रँकिंगमध्येही पेटंटांना गुण आहेत, आणि 2023-24 या एका वर्षात देशात एक लाखाहून जास्त पेटंटं मंजूर झाली. वाढ चांगलीच आहे. पण ग्रुपमधल्या एका मित्राच्या कॉलेजात प्रत्येक विभागाला पेटंटचं ‘टार्गेट’ आहे. एजंट ठरलेला. त्याने ‘स्मार्ट’ कचरापेटीचं एक डिझाइन नोंदवून दिलं, त्यावर वेगवेगळ्या राज्यांतल्या प्राध्यापकांची नावं आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांना मित्राने आजवर पाहिलेलं नाही. कचरापेटी तर कोणीच पाहिलेली नाही.

गंमत म्हणजे आपल्याला यासाठी केंब्रिजला यायची गरजच नव्हती. माटुंग्याचं यूडीसीटी, म्हणजे रासायनिक तंत्रज्ञान शिकवणारं आजचं आयसीटी, 1933 पासून हेच करत आलंय. तिथले प्राध्यापक कारखान्यांचे खरेखुरे प्रश्न घेऊन बसत आणि तिथून निघालेले विद्यार्थी स्वतःचे कारखाने टाकत. डॉ. रेड्डीज काढणारे अंजी रेड्डी माटुंग्यात शिकले आणि पीएच.डी. त्यांनी पुण्याच्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, केली. त्याच एनसीएलच्या आवारात 2007 पासून नव्या कंपन्यांना आधार देणारं व्हेंचर सेंटर चालतंय. हे सगळं जमलं कारण तिथे आधी कसलेले, पूर्णवेळ संशोधक होते. इमारत नंतर आली.

आणि आज? राज्यातल्या कितीतरी विभागांत मंजूर पदं रिकामी पडलीत आणि शिकवणारे तासिका तत्त्वावर आहेत. तासाला पैसे मोजून घेणारा माणूस नऊ वर्षं एकाच प्रश्नामागे कसा लागणार? त्याला पुढच्या सत्रात काम मिळेल का, तेच माहीत नसतं. पण इन्क्युबेशन सेंटरची कोनशिला मात्र आहे, नावांसकट.

केंब्रिजमधलं सगळं सोन्याचं आहे असंही नाही. 1975 मध्ये मिल्स्टाइन आणि कोलर यांनी इथल्याच सरकारी प्रयोगशाळेत मोनोक्लोनल अँटिबॉडीज, म्हणजे एकाच लक्ष्याला चिकटणारी एकसारखी प्रतिपिंडं, बनवल्या, पण त्यांचं पेटंट घ्यायचंच राहिलं. पुढे त्यावर जगभर अब्जावधींचा औषध उद्योग उभा राहिला. सोलेक्सा अमेरिकेत गेली, चिपचे आराखडे बनवणारी इथली आर्म 2016 मध्ये जपानी सॉफ्टबँकेने 24 अब्ज पौंडांना घेतली, आणि ‘आम्ही पेरतो, कापणी दुसरे करतात’ ही रड इथल्या पेपरांत नित्याची आहे. विद्यापीठं नव्या कंपन्यांत फार मोठा हिस्सा मागतात म्हणून 2023 मध्ये ब्रिटिश सरकारला स्वतंत्र समिती नेमावी लागली. तिने सॉफ्टवेअरसारख्या क्षेत्रात दहा टक्के किंवा त्याहून कमीवर समाधान माना असं सुचवलं. शिवाय उत्पन्नाच्या विषमतेत हे शहर देशात पहिलं, असं सेंटर फॉर सिटीज या ब्रिटिश अभ्यासगटाने एकदा नव्हे, अनेकदा सांगितलंय. माझ्या प्रयोगशाळेतल्या साफसफाईच्या बाई पहाटेची बस पकडून बाहेरगावाहून येतात, कारण इथलं भाडं त्यांना परवडत नाही. पुण्यात हिंजवडीच्या आसपास राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आपल्या केंद्र सरकारने 2025 मध्ये संशोधनासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली. तिचं स्वागत. पण तिचा भर खासगी क्षेत्राला स्वस्त, लांब मुदतीचं भांडवल देण्यावर आहे आणि तेही बऱ्यापैकी पुढे आलेल्या तंत्रज्ञानाला. पबमधल्या त्या दोघांचा मूळ प्रश्न तिच्यात बसला नसता. संशोधनावर आपण जीडीपीच्या 0.64 टक्के खर्च करतो. खालच्या पायरीवर, म्हणजे अशा मूलभूत प्रश्नांवर, पैसा कोण घालणार, यावर ग्रुपमधले दोन्ही गट गप्प असतात.

कचरापेटीवाल्या त्याच मित्राला मध्यंतरी पुण्यातल्या एका कंपनीत वर्षभर जायचं होतं, बिनपगारी रजा घेऊन. अर्ज प्राचार्यांकडून वर गेला, वरून ‘नियम उद्धृत करून फेरसादर करावा’ असा शेरा घेऊन खाली आला, पुन्हा वर गेला. तोवर कंपनीने दुसरा माणूस घेतला. माझ्या कंपनीत दर गुरुवारी विद्यापीठातल्या एक प्राध्यापिका येतात, उरलेले चार दिवस त्या तिकडे शिकवतात. त्यांची फाइल कुठे अडकल्याचं माझ्या तरी कानावर आलेलं नाही.