मोठे इंजेक्टर आणि टायमिंग : एक खुलासा

डिझेल पिकअपला मोठे इंजेक्टर (सिलिंडरमध्ये इंधन फवारणारे भाग) बसवून इंजेक्शन टायमिंग जितके अॅडव्हान्स करावे, म्हणजे इंधन जितके लवकर फवारावे, तितकी ताकद वाढते आणि काळा धूरही बंद होतो, असा दावा सध्या फिरतो आहे. तो अर्धाच खरा असल्याने हा खुलासा आवश्यक वाटतो.

काळा धूर म्हणजे हवेअभावी पूर्ण न जळलेले इंधन. एक किलो डिझेल जळायला सुमारे १४.५ किलो हवा लागते आणि प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त द्यावी लागते. ती टर्बोकडून (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राकडून) मिळत नसेल, तर टायमिंगने धूर काहीसा कमी होईल, पण हवेची उणीव भरून निघणार नाही.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. २००० आरपीएमला (मिनिटाला २००० फेऱ्यांना) क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनला जोडलेला इंजिनाचा मुख्य दांडा, एका मिलिसेकंदात १२ अंश फिरतो. मोठ्या छिद्रांचा नोझल (इंजेक्टरचे फवारणीचे टोक) तेच इंधन कमी वेळात सोडतो, म्हणजे इंजेक्शन काही अंश आधीच संपते. त्यामुळे जुन्याइतकेच अॅडव्हान्सही कधीकधी जास्त ठरते. पिस्टन अजून वर येत असतानाच दाब चढला, तर तो पिस्टनलाच उलट ढकलतो, इंजिन कडक ठोके देऊ लागते आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधील सील) फुटू शकते. टायमिंग उशिराचे ठेवल्यास एक्झॉस्ट तापतो, हेही खरे; म्हणूनच एक्झॉस्टचे तापमान दाखवणारा गेज आधी बसवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कॉमन रेल इंजिनात (जिथे एकाच उच्चदाब नळीतून सर्व इंजेक्टरना इंधन मिळते) इसीयूमधील, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकातील, इंजेक्शनचा कालावधीही नव्या इंजेक्टरनुसार बदलावा लागतो.