ग्लासातलं तिखट आणि उलटी वाचायची पट्टी

मसाल्याचा हंगाम आला की तो ग्लासाचा व्हिडिओ पुन्हा फिरायला लागतो. पाण्यावर चमचाभर तिखट टाका, रंगाचे ओघळ खाली उतरले तर भेसळ. पाण्यात विरघळणारे रंग त्यात सापडतात, खरंय. पण सुदान-१ हा खाण्यात बंदी असलेला, तेलात विरघळणारा कारखानी रंग. तो मारलेलं तिखट त्या ग्लासात साळसूदपणे बसून राहतं. तेलात टाकून बघावं, तर अस्सल मिरचीचा रंगही तेलातच उतरतो. शेवभाजीची तर्री दुसरी कशाची असते?

हेच सुदान-१ तिखटातून एका सॉसमध्ये गेलं आणि २००५ साली ब्रिटनमध्ये शेकडो पदार्थ दुकानांतून मागे घ्यावे लागले. म्हणून नंदुरबारच्या मिरची बाजारात आणि मोठ्या कांडपवाल्यांकडे सुदान ओळखणारी अँटीबॉडीची (ठरावीक रेणूलाच चिकटणाऱ्या प्रथिनाची) पट्टी असायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

काम अवघड नाही. पोत्याच्या वरून, मधून, तळातून नमुना घेऊन कालवायचा. साधारण १ ग्रॅम तिखट, ५ ते १० मिली अ‍ॅसिटोनायट्राइल (रंग ओढून घेणारं द्रावक), दोन-तीन मिनिटं जोरात हलवायचं, गाळ बसू द्यायचा. वरची निवळ पट्टीच्या किटमधल्या बफरमध्ये (पातळ करायच्या द्रावणात) पत्रकात दिलीय तितकी पातळ करून थेंब सोडायचे. काळा मसाला तपासायला घेऊ नका. भाजलेलं खोबरं, तेल, काळपटपणा सगळं आडवं येतं. मसाल्यात पडण्याआधीचं तिखटच घ्या.

घोळ होतो तो वाचताना. सुदानचा रेणू फार लहान, दोन अँटीबॉडी त्याला एकाच वेळी धरू शकत नाहीत. म्हणून पट्टीवर सुदान आधीच बसवलेला असतो. नमुन्यातल्या सुदानने अँटीबॉडी वाटेतच अडवली, की टी रेघ (चाचणीची रेघ) उमटत नाही. म्हणजे रेघ दिसली तर माल बरा, गायब झाली तर संशय. गरोदरपणाच्या पट्टीच्या नेमकं उलट! सी रेघ (पट्टी नीट चालली हे दाखवणारी) नसेल तर पट्टीच बाद.

पातळ करण्यात कंजुषी केली तर द्रावक अँटीबॉडीच निकामी करतो, रेघ फिकी पडते आणि चांगला माल बदनाम होतो. त्यात अँटीबॉडीला जोडलेल्या सोन्याच्या सूक्ष्म कणांमुळे रेघ लालसर, मिरचीचा डागही लाल. शेजारी खात्रीच्या तिखटाची एक पट्टी आणि त्याच तिखटात मोजून सुदान घातलेली दुसरी, एवढं ठेवाच.

टी गेली म्हणून व्यापाऱ्याला लगेच चोर ठरवू नका. सुदान-१ च्या भावंड रंगांनाही ही अँटीबॉडी कमी-जास्त चिकटते. उरलेला नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत एचपीएलसीला (रंग वेगवेगळे करून मोजणाऱ्या तपासणीला) पाठवा. आणि टी उमटली तरी ऱ्होडामाइन-बी हा दुसरा भेसळीचा रंग नाही असं समजू नका, त्याची पट्टी वेगळी असते.