परखड पुणेकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर, जरा सविस्तर

नमस्कार परखड पुणेकर,

परीक्षेचा ताण आणि आत्मविश्वासावरच्या माझ्या पोस्टखाली तुम्ही लिहिलंय, "बसल्या जागी ज्ञान पाजळणं सोपं असतं. आत्मविश्वासाने मेसचं बिल भागत नाही. आणि ते बंडुराचे प्रयोग सापाला घाबरणाऱ्यांवर होते, कॉलेजच्या पोरांवर नाही."

सापाचं बरोबर आहे. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंडुराच्या १९७७ च्या लेखामागचे प्रयोग सापाची भीती असलेल्या मोठ्या माणसांवरच होते; 'हे मला जमेल' हा विश्वास कुठून येतो, हा त्या लेखाचा विषय. पण नंतर हीच कल्पना विद्यार्थ्यांवर ढिगाने तपासली गेलीय, ते तुम्ही सोयीने गाळलंत.

आता ते "बसल्या जागी". हा काय सूर झाला हो? मुद्दा मांडा ना, कोण नको म्हणतंय. मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलोय साहेब, एका खोलीत चौघं, रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट आणि रात्री मेस बंद, मग वडापाव नाहीतर पाणी पिऊन झोप. एम-थ्री, म्हणजे इंजिनिअरिंगचा गणिताचा तिसरा पेपर, राहिला होता, घरी सांगितलं नव्हतं, पेपर जवळ आला की पोटात गोळा यायचा. तेव्हा कॉलेजात एक व्यक्तिमत्त्व विकासवाले सर आले, हॉलभर पोरांकडून "मी करू शकतो" ओरडून घेतलं, टाळ्याबिळ्या झाल्या, आणि खोलीवर येऊन त्यातला लाप्लासचा धडा उघडला तर डोकं तसंच कोरं.

फरक पडला तो रूममेटमुळे. माझ्यासारखाच झेडपीच्या शाळेतला, इंग्रजी माझ्याइतकंच कच्चं, तरी त्याचा विषय सुटला होता. तो म्हणाला, अख्खा पेपर बघूच नको, इन्व्हर्स लाप्लासचं एक गणित घे, पार्शल फ्रॅक्शन स्वतः पाड, मागचं उत्तर झाकून ठेव. ते जमलं, मग दुसऱ्या दिवशी अजून एक. बंडुरा हेच सांगतो की सगळ्यात पक्का विश्वास येतो स्वतः करून जमलेल्या कामातून, मग आपल्यासारख्याला जमलेलं बघून, 'तुला जमेल रे' हे त्याच्याही खाली, आणि पोटातल्या गोळ्याचा अर्थ 'आपण संपलो' असा लावायचा की नाही हेही त्यातच आलं. हे बसल्या जागीच केलं म्हणा, गणितं उभ्याने होत नाहीत.

मेसच्या बिलाचं म्हणाल तर ते आत्मविश्वासाने भागतं असं मी लिहिलंय कुठे? दाखवा. जे बदलता येतं तिथे हात घालायचा, जे येत नाही तिथे निदान मन सांभाळायचं, हा फरक लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्येच मांडलाय आणि तो पोस्टच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे, तिथपर्यंत तुम्ही पोचला नसाल. फी, भाडं, न निघणाऱ्या जागा, हे सगळं सरकारला विचारा.

बाकी ज्यांना खरंच सहन होत नाहीये त्यांनी माझी पोस्ट आणि यांची कमेंट दोन्ही सोडून १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तुमच्या दुसऱ्या कमेंटला, ती 'काका' वाली, उत्तर देणार नाही.