सिल्व्हा ओव्हररेटेड? जरा थांबा भाऊ

भाऊ, कमेंट सडेतोड लिहिलीत, आवडलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मँचेस्टर सिटीचा स्पॅनिश मिडफिल्डर डेव्हिड सिल्व्हा दिसायला देखणा पण कामाला कमी आणि नाजूक, इंग्लंडच्या टॉप फुटबॉल लीगच्या म्हणजे प्रीमियर लीगच्या 10 सीझनमध्ये गोल फक्त 60, त्याला खरा घडवला तो कोच पेप ग्वार्डिओलाने, आणि 2010 च्या वर्ल्डकपला तर तो बेंचवरच बसला होता.

पेपचं आधी घेतो. ग्वार्डिओला मँचेस्टरला आला 2016 ला. त्याआधीच सिटीने दोन लीग मारल्या होत्या, 2012 ला कोच मॅन्चिनी, 2014 ला पेलेग्रिनी, आणि सिल्व्हा दोन्ही टीममध्ये होता. सगळ्यांना 2012 ची लीग जिंकून देणारा अग्वेरोचा तो शेवटच्या मिनिटाचा गोल आठवतो, पण त्याच्या आधी 92 व्या मिनिटाला झेकोने हेडरने बरोबरी केली तो कॉर्नर कोणाचा होता? सिल्व्हाचाच. पेपने केलं काय, तर साइडवरून आत येणाऱ्या या माणसाला डी ब्रुइनच्या जोडीला सरळ मधे आणला आणि तिशी ओलांडल्यावर त्याच्याकडून आणखी धावून घेतलं. क्रेडिट आहेच, पण घडवला वगैरे नको.

आता गोल. 60 गोलांच्या शेजारी 93 असिस्ट, म्हणजे गोल होण्याआधीचे शेवटचे पास, आहेत ते तुम्ही लिहिलेच नाहीत, पण ते सोडा, माझा मुद्दा असिस्टच्याही आधीच्या पासचा आहे. समोरच्या टीमचे मिडफिल्डर आणि डिफेन्डर यांच्यामधल्या पट्ट्यात तो जाऊन उभा राहायचा, मग सेंटर बॅकला पुढे यावं की थांबावं कळायचं नाही, तो पुढे आला की मागे जागा मोकळी, सिल्व्हा एका टचमध्ये बॉल बाजूला द्यायचा, तिथून क्रॉस, गोल, आणि शीटवर नावं दुसऱ्या दोघांची. एका टोकाने कोणीतरी मेडनवर मेडन टाकतो आणि विकेट दुसऱ्या टोकाच्या बोलरला मिळते ना, तसं. हे नंबरात येत नाही म्हणून ते नव्हतंच असं कसं म्हणायचं?

वर्ल्डकपचं बरोबर आहे. स्पेन स्वित्झर्लंडकडून 0-1 हरला त्या मॅचला तो पहिल्या अकरात होता आणि मग जागा गेली ती गेलीच. पण 2008 च्या युरोत, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, सेमीफायनलला रशियाविरुद्ध गोल, 2012 च्या फायनलला इटलीविरुद्ध 4-0 मधला पहिला गोल, तोही हेडरने, या अंगकाठीच्या माणसाने! एकूण 125 मॅच आणि 35 गोल स्पेनसाठी, ते पण शावी-इनिएस्टासारख्या मिडफिल्डरांच्या काळात, जिथे टीममध्ये घुसायलाच मारामारी होती.

नाजूक म्हणालात ते मात्र अजिबात पटलं नाही. सिटीच्या आधीच्या व्हॅलेन्सिया क्लबने पोराला लोनवर, म्हणजे उसना, पाठवला तो एबारला, सेकंड डिव्हिजनमध्ये, तिथे कोण लाड करतंय. आणि 2017-18 ला मुलगा वेळेच्या खूप आधी जन्मला, तो जगेल की नाही अशी परिस्थिती, हा स्पेन आणि मँचेस्टर अशा फेऱ्या मारत मॅच खेळत होता, आणि त्याच सीझनला सिटीचे 100 पॉइंट झाले.

चॅम्पियन्स लीग, युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, नाही जिंकली, हे खरंय. 2016 च्या सेमीफायनलला रिअल माद्रिदविरुद्ध पहिल्याच लेगमध्ये दुखापत होऊन बाहेर गेला. मग 2020 नंतर स्पेनचा रिअल सोसिएदाद क्लब, तिथे कोपा देल रे हा स्पेनचा कप जिंकला, 2023 ला टीम चौथी येऊन चॅम्पियन्स लीगला पात्र ठरली आणि साहेबांचा प्रॅक्टिसमध्ये गुडघा गेला, रिटायर.