परवानगी आली आणि आधी जिन्याचा कठडा गेला

पुनर्विकासाला दिलेल्या सोसायटीच्या इमारतीला सकाळी पालिकेची पाडकामाची परवानगी आली, आणि दुपारपर्यंत जिन्याचा लोखंडी कठडा कापून टेम्पोत. तळ अधिक तीन मजले, आणि तिसऱ्यावर अजून एक बिऱ्हाड राहतंय! संध्याकाळी तिथल्या आजी भिंतीला तळहात टेकवत, पायाने पायरी चाचपडत उतरत होत्या. जिन्यात दिवा नाही, कारण वायरीतलं तांबंही गेलं.

स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्यात, इमारत पाडायलाच हवी. मान्य. पण माणसं आत असताना?

मुंबईत तोडकामाचा व्यवहार बहुतेक वेळा उलटा असतो. विकासक ठेकेदाराला पैसे देत नाही, ठेकेदारच आतल्या मालाचे पैसे मोजून इमारत उचलतो. सागवानी चौकटी, ग्रिल, सळई, तांबं, यातून त्याची वसुली. म्हणून पहिला हात सुटसुटीत निघणाऱ्या लोखंडावर पडतो. त्याचंही पोट आहे, ठीक. पण त्याला घाई असणार हे सोसायटीच्या कमिटीला आधीच कळायला हवं होतं. करारात एक ओळ पुरली असती: शेवटचं घर रिकामं होईपर्यंत जिना, कठडा, जिन्यातला दिवा आणि एक चालू नळ यांना हात लावायचा नाही.

आता पुढचं नीट वाचा, कारण उद्या तुमच्याही इमारतीवर हीच पाळी येणार आहे.

वीज, गॅस आणि पाणी तोडल्याचं लेखी हातात आल्याशिवाय घण उचलायचा नाही. मग काचा, दारं, संडासातली भांडी. गच्चीवर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ज्याची धूळ फुफ्फुसाला घातक. ते फोडायचे नाहीत. ओले करून, बोल्ट काढून अख्खे उतरवायचे आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे. पाण्याची टाकी आधी रिकामी. दहा हजार लिटर म्हणजे दहा टन वजन डोक्यावर ठेवून कोणी खालची भिंत फोडतं का? तर फोडतात.

इमारत वरून खाली, मजल्यामागून मजला उतरवायची. आधी स्लॅब, मग बीम, शेवटी कॉलम. बाहेर आलेला सज्जा मागच्या स्लॅबच्या किंवा वरच्या भिंतीच्या वजनावर तोललेला असतो. मागचं आधी काढलंत तर तो अख्खा रस्त्यावर येतो. त्याला खालून टेकू द्या, नाहीतर सज्जाच आधी काढा.

आणि डेब्रिज, म्हणजे तोडलेला राडारोडा, मजल्यावर साठवू नका. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला 200 किलो वापराच्या भाराचा धरलेला असतो, आणि अर्धा फूट डेब्रिज साचलं की तेवढं वजन झालंच. वरून यंत्र चढवलं की स्लॅब बसतो, त्याच्या धक्क्याने खालचाही बसतो. लोक म्हणतात इमारत 'अचानक' पडली. अचानक कसली!

धुळीबद्दल पालिकेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलंय: इमारत वरून खालपर्यंत झाकायची, पाडताना सतत पाणी मारायचं. इथे एक हिरवी जाळी, तीही फाटकी.

कागदांचंही सांगून ठेवतो. मुंबईतल्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात 160 चौरस फुटांच्या खोलीला सरसकट 500 चौरस फुटांचं घर ठरलं, त्यामुळे तिथे जुन्या मापावरून भांडण नाही. सोसायटीत मात्र नवं घर बहुधा जुन्या कार्पेटच्या, म्हणजे भिंतींच्या आतल्या क्षेत्रफळाच्या, टक्क्यांवर ठरतं. एकदा भिंत पडली की पुरावा गेला. म्हणून आपल्या आर्किटेक्टकडून प्रत्येक खोलीचं माप घ्या, फोटो काढा आणि तुमची आणि विकासकाची, दोन्ही बाजूंच्या सह्या करून घ्या. करारनामा नोंदवल्याशिवाय चावी देऊ नका. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79 अ खालच्या पुनर्विकासाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये विकासकाकडून प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी घ्यायला सांगितलंय. ती मागताना कमिटीवाले लाजतात. कशाला लाजायचं?

आजींच्या घरचे विकासकाकडून येणाऱ्या, दुसरीकडे राहण्याच्या भाड्याच्या चेकसाठी थांबलेत, हौस म्हणून नाही. लोक त्यांनाच 'अडवणूक करणारे' म्हणतात, याचं जास्त वाईट वाटतं.

कमिटीतलं कोणी हे वाचत असेल तर सकाळची वाट बघू नका. कठड्याच्या जागी आडवे बांबू बांधा, एक कमरेच्या उंचीवर आणि एक त्याच्या निम्म्यावर, सुतळीने नाही, तारेने. प्रत्येक वळणावर बॅटरीचा एकेक दिवा लावा. आजींना सकाळी सहाला दूध आणायला खाली उतरायचंय.